गाणं ज्या मापाचं, तबकडी त्या मापाची

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि कपाटाचा फोटो, दोन्ही पोचलं. फोटो चष्मा लावून दोनदा पाहिला. चाळीसेक एलपी, म्हणजे मोठ्या, लांब वाजणाऱ्या रेकॉर्डी, सगळ्या एका उंचीच्या, नीट उभ्या लावलेल्या. वरच्या कप्प्यात दोन लाल आणि एक निळी, आरपार दिसणारी. आणि खाली कोपऱ्यात चपलांच्या खोक्यात कोंबलेल्या सात इंची. त्या खोक्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. माझी नजर मात्र तिथंच अडकली.

तू विचारलंयस, ‘काका, गोळा करायचं तर काय करावं? एलपी, सात इंची ईपी की जुन्या लाखेच्या?’ पुढं असंही लिहिलंयस की तुझा पुण्याचा मित्र म्हणतो, पहिल्या छपाईची एलपी सोडली तर बाकी सगळी रद्दी. मित्राला माझा नमस्कार सांग. त्याचं ऐकायचं की नाही ते हे पत्र वाचून ठरव.

माझं रेकॉर्डचं वेड हौसेतून आलेलं नाही, धंद्यातून आलंय. वडिलांचा बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात माईकचा धंदा. एक अँप्लिफायर, मोटारीची बॅटरी, दोन कर्णे आणि रेकॉर्डींची पत्र्याची पेटी. लग्न असलं की कर्णे नारळाच्या झाडाला बांधायचे आणि मला मशीनजवळ बसवायचं. साठच्या दशकात आमच्या पेटीत अजून ७८ च्याच, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या रेकॉर्डी जास्त होत्या. दहा इंची रेकॉर्ड तीन मिनिटं वाजते, सव्वातीन म्हण. तेवढ्यात पुढची काढायची, पुसायची, सुई बदलायची. पोलादी सुई एका बाजूला एक, हा नियम. कंजुषी करून तीच सुई पुन्हा लावली की ती बोथट झालेली सुई रेकॉर्डीला खरवडते. वडील मांडवाच्या दुसऱ्या टोकाला असले तरी आवाजावरून ओळखायचे आणि तिथूनच ओरडायचे, “सुई!” तीन मिनिटांत जेवायची सवय मला तेव्हा लागली ती अजून सुटलेली नाही. घरचे वैतागतात.

त्या तीन मिनिटांबद्दल आधी लिहितो, कारण तुमच्या वयाच्या लोकांना ती अडचण वाटते. एवढ्यात राग काय गाणार? पण गवयांना ते माप ठाऊक होतं आणि ते त्या मापातच गायचे. चीज, दोन-चार आलापाच्या जागा, बोलतान, तान आणि सम. पाणी घालायला जागाच नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ठुमऱ्या ऐक, तीन मिनिटांत माणूस गलबलतो. गायिका गौहरजाननं १९०२ साली कलकत्त्यात गाणं संपवून शेवटी आपलं नाव इंग्रजीत पुकारलं, तेही सोयीसाठीच. छपाई जर्मनीत हॅनोव्हरला व्हायची, तिथल्या माणसाला कळावं ही कुणाची. आपल्या बाजूचंच सांगायचं तर हुबळीच्या गंगूबाई हनगलांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डींवर नाव आहे ‘गांधारी’. कोण ही गांधारी म्हणून ती बाजूला ठेवणारे मी पाहिलेत. तू ठेवू नकोस. आणि कुमार गंधर्व तर आपल्या सुळेभावीचे, १९२४ चा जन्म. त्यांच्या पोरवयातल्या लाखेच्या तबकड्या आणि नंतरच्या एलपी एकापाठोपाठ लावून बघ. तोच गळा, पण मधे क्षयाचं एक अख्खं आजारपण आणि माळव्यातला मुक्काम गेलेला. ही गोष्ट तुला कुठल्याही पुस्तकापेक्षा तबकडीवरून जास्त कळेल.

आता एलपी. कोलंबिया कंपनीनं ती अमेरिकेत १९४८ ला काढली आणि पुढच्याच वर्षी आरसीए कंपनीनं सात इंची ४५, म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्यांची. आपल्याकडं एलपी यायला पन्नासचं दशक संपत आलं. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाल्यावर ख्याल गाणाऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला असणार. विलंबितात षड्ज लावून भीमसेनजी निवांत बसतात, ती बसकण ७८ वर होणारच नाही. एका बाजूला एक राग, हे एलपीचं खरं माप. म्हणून ख्याल, सतार, सरोद एलपीवरच घे, त्यात वाद नाही. पण जुन्या ७८ ची गाणी एकत्र करून काढलेली एलपी हातात आली की जरा थांब. ती सोयीची असते, माझ्याकडंही आहेत. मात्र बारा गाणी ओळीनं ऐकताना तिसऱ्यानंतर कान सुस्तावतो. मूळ माणूस एक गाणं ऐकून उठायचा, सुई बदलायचा, मग दुसरं. ते उठणंसुद्धा ऐकण्यात धरलेलं होतं.

तर माझं म्हणणं एवढंच. गाणं ज्या मापासाठी गायलं गेलं, त्या मापात ते घे. नाट्यपदं, जुनी भावगीतं, ठुमऱ्या लाखेवर. राग एलपीवर. आणि आपल्या सीमाभागातल्या घराघरात जे खरं वाजत होतं, ते त्या तुझ्या चपलांच्या खोक्यात.

ईपीवर गोळा करणाऱ्यांचा राग का, मला कळलेलं नाही. कपाटात दिसत नाही म्हणून असेल. दोन्हीकडं मिळून चार गाणी, एकेका बाजूला सहा-सात मिनिटं, किंमत एलपीपेक्षा कमी. म्हणून ज्यांना एलपी परवडत नव्हती त्यांच्याकडं ईपी होत्या. शहापूर-वडगावच्या विणकरांच्या घरी मागाच्या खटखटीत फिएस्टा लावलेला मी पाहिलाय. एचएमव्हीचा तो सुटकेससारखा मिटणारा प्लेअर. त्याच्या झाकणात मावतील तेवढ्याच रेकॉर्डी, पण त्यात काय असायचं बघ: मराठी अभंग, त्याला चिकटून कन्नड दासपदं (हरिदासांची भजनं), एक लावण्यांची, एक सिनेमाची, मल्लिकार्जुन मन्सूरअण्णांच्या कन्नड वचनांची एक. भाषेचं भांडण रस्त्यावर चालू असायचं तेव्हाही त्या झाकणात दोन्ही भाषा एकमेकींना टेकून उभ्या होत्या. अशी पेटी पुण्यात मिळणार नाही, मुंबईच्या चोरबाजारातही अख्खी मिळणार नाही, कारण तिथं पोचेपर्यंत विकणाऱ्यानं मराठी वेगळी, कन्नड वेगळी काढलेली असते. बेळगाव, चिकोडी, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यातल्या जुन्या घरांतच ती अजून सापडते. सापडली तर फोडू नकोस. नको असलेली कन्नड रेकॉर्ड परत देऊन दर पाडायचा मोह होईल, तो आवर. जाता जाता एक: बेळगावच्या खडे बाजारात काय किंवा गोकाकात काय, दर कन्नडमध्ये “एष्टु?” म्हणून विचारलास तर चार पैसे कमी होतात.

सात इंचीत एक फसगत आहे. आपल्याकडं ‘सुपर सेव्हन’ म्हणून एक प्रकार निघाला होता. दिसायला ईपीच, पण ३३⅓ वर वाजतो, म्हणून त्यात गाणी जास्त बसतात. सवयीनं ४५ वर लावलीस तर हार्मोनियमच्या पांढरी एक पट्टीत गाणारा माणूस पांढरी चारमध्ये जातो आणि तबला मुंग्या चावल्यासारखा पळतो. मधल्या कागदावरचा वेग वाचूनच लाव. परदेशी ४५ ला मधे दीड इंचाचं भोक असतं, त्याला वेगळी चकती लागते.

तुझ्या त्या लाल-निळ्या रेकॉर्डींबद्दल बोलायचं टाळत होतो. दिसायला छान आहेत. १८० ग्रॅमच्या आहेत म्हणून आवाज चांगला, असं दुकानदारानं सांगितलं असेल. वजन वाढल्यानं खाच खोल होत नाही, खाच तेवढीच असते. जड रेकॉर्ड वाकायला जरा कमी वाकते आणि हातात घेतल्यावर पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं, एवढंच. आवाज ठरतो तो मूळ टेप कुठली वापरली आणि खाच कापणारा माणूस कोण, यावर. १२० ग्रॅमच्या जुन्या रेकॉर्डी माझ्याकडं अशा वाजतात की शेजारी येऊन बसतात.

पहिल्या छपाईचंही तसंच. पहिली छपाई चांगली असू शकते, पण ती पन्नास वर्षं कोणत्या सुईखाली गेली, ते आधी बघ. रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तिरकी धर. चांगली खाच काळी चमकते. जिथं गवई जोरात गायलाय, ताना घेतल्यात, तिथं राखाडी झाक दिसली तर बोथट सुईनं भिंती खाल्ल्यात असं समज. लाखेच्या रेकॉर्डीत ही राख लगेच दिसते. चरा असेल तर त्यावरून नख हलकंच फिरव. नख अडलं तर सुईही अडणार.

मीही फसलोय. एका व्यापाऱ्यानं मला एका जुन्या मोनो (दोन्हीकडून एकच आवाज येणाऱ्या) गाण्याची रेकॉर्ड ‘स्टिरिओ’ म्हणून दुप्पट दरात दिली. घरी लावली तर डाव्या बाजूला सगळा बास, उजवीकडं चिरका आवाज आणि गायिका मधे कुठंतरी विहिरीत. मोनोलाच चाळणी लावून दोन भाग केले की असं होतं. साठ-सत्तरच्या दशकात असल्या पुष्कळ काढल्या होत्या. तेव्हापासून क्रमांक वाचायला शिकलो. एचएमव्हीच्या एलपीवर ईएएलपी, ईसीएलपी अशी सुरुवात असली तर मोनो. ईएएसडी, ईसीएसडी असली तर स्टिरिओ. मोनो म्हणजे कमी प्रतीचं, असं मानू नकोस. अँप्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर मोनो रेकॉर्डीला ते दाब. खाचेच्या वरखाली होण्यातून येणारी बरीच खरखर जाते, गळा पुढं येतो.

दुसरी चूक मात्र पूर्णपणे माझी. वडिलांच्या पेटीतली एक नाट्यपदांची ७८ बुरशीनं भरली होती. इकडचा पाऊस तुला माहीत आहे. जांबोटीकडून एकदा लागला की कपाटातले कपडेही आंबट होतात. एलपीचं व्हिनाइल प्लास्टिक पातळ केलेल्या स्पिरिटानं पुसतात हे कुठंतरी वाचलं होतं. कापसावर घेतलं आणि फिरवलं. कापूस तपकिरी झाला. मला वाटलं, मळ निघतोय. आणखी घासलं. ती लाख होती. लाख स्पिरिटात विरघळते, सुतार फर्निचरला पॉलिश करतो ते लाख-स्पिरिटच की! रेकॉर्डीचा एक पट्टा गुळगुळीत झाला. अजून ठेवली आहे. त्या पट्ट्यापर्यंत बाई गातात, मग बारा-पंधरा फेरे नुसता वारा येतो आणि पुढं पुन्हा गातात. तेव्हा लाखेला फक्त पाणी, तेही मऊ कापडानं, मधल्या कागदाला न लावता, आणि लगेच कोरडी कर.

सुईचंही वेगळं. एलपीची खाच बारीक, ७८ ची तिच्या जवळजवळ तिप्पट रुंद. एलपीची सुई ७८ वर लावलीस तर ती तळाशी जाऊन गाळ वाचत बसते, गाणं वरून निघून जातं. ७८ ची सुई एलपीवर लावलीस तर ती एलपी गेली. दोन सुया घे. तुझ्या प्लेअरला ७८ चा वेग आहे का ते आधी बघ, बऱ्याच नव्यांना नसतो. असला तरी जुन्या रेकॉर्डी नेमक्या ७८ वरच कापलेल्या असतात असं नाही, दोन-तीन फेरे इकडं-तिकडं. मी बाजाची पेटी घेऊन बसतो आणि गवयाचा षड्ज लागेपर्यंत वेग हलवतो.

पैसे कमी असतील तर सुईवर खर्च कर, रेकॉर्डीवर नको. आणि पीव्हीसीच्या पिशव्या आतून काढून टाक, त्या उन्हाळ्यात रेकॉर्डीला चिकटून धुरकट डाग पाडतात. कागदी वापर.

आता ते खोकं. सात इंची आडव्या कोंबल्यात, मे महिन्यात पत्र्याखाली त्यांचे पापड होतील. आजच उभ्या कर. एकही पुसू नकोस, एकही विकू नकोस, त्या पुण्याच्या मित्राला तर दाखवूच नकोस. वरून तिसऱ्या रेकॉर्डीच्या पाकिटावर निळ्या शाईत कुणीतरी कन्नडमध्ये काहीतरी लिहिलेलं फोटोत दिसतंय, मला नीट लागत नाही. पुढच्या रविवारी खोकं घेऊन ये. फिएस्टा चालू आहे. बसमध्ये वरच्या फळीवर ठेवू नकोस, मांडीवर घे, आणि त्यात एखादी लाखेची निघाली तर ती वेगळी काढून टॉवेलात गुंडाळ. यमकनमर्डीच्या पुढं रस्ता खराब आहे.

तुझा काका