जुने भयपट : सुरुवात कुठून करशील?

अरे, लगेच रक्तबंबाळ नव्या सिनेमांच्या मागे लागू नकोस. एकाच सिनेमात चार-पाच भयकथा गुंफलेले जुने सिनेमे आधी बघ.

पहिला १९४५ चा ब्रिटिश 'डेड ऑफ नाइट'. एक आर्किटेक्ट अनोळखी घरी येतो, तर जमलेली सगळी माणसं त्याला आधीच स्वप्नात दिसलेली! मग प्रत्येकजण आपापला अनुभव सांगतो. आपल्याकडे पडवीत बसून गिऱ्याच्या, चकव्याच्या गोष्टी रंगायच्या, तीच रीत. मधली गोल्फची विनोदी गोष्ट मला रटाळ वाटते, पण सोसून घे. तिच्यानंतर बोलक्या बाहुल्याची गोष्ट आहे, तिथे मायकेल रेडग्रेव्हच्या चेहऱ्यावरून नजर हटवू नकोस.

मग १९६५ चा 'डॉक्टर टेरर्स हाउस ऑफ हॉरर्स'. रेल्वेच्या डब्यात पीटर कुशिंग पत्ते काढून एकेकाचं भविष्य सांगतो. सरपटणारा तुटका हात बघून हसू येईल. येऊ दे, त्यातही मजा आहे.

जपानी 'क्वायदान' मात्र सवडीने बघ, तीन तासांचा आहे. समुद्रातल्या लढाईत मेलेल्यांची भुतं आंधळ्या होइचीला गायला बोलावतात. भुतांपासून वाचवायला देवळातले भिक्षू त्याच्या अंगभर मंत्र लिहितात, कान तेवढे राहून जातात. पुढचं तूच बघ.

आणि हो, देवगडात पावसाळ्यात लाइटीचा काय भरवसा, आधीच डाउनलोड करून ठेव. हेडफोनही लाव. 'क्वायदान'ला ताकेमित्सूने दिलेल्या संगीतातल्या शांत जागा कौलांवरच्या पावसात ऐकू येणार नाहीत.