पोलिस ठाण्यातला ‘रायटर’ लेखक कसा?

देवगड तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलंय: ‘जाळी चोरीला गेली म्हणून ठाण्यात गेलो, तर साहेब म्हणाले, रायटरकडे बसा, जबाब घेतील. हवालदार लेखक कधीपासून झाले?’

रायटर म्हणजे लिहिणारा, एवढंच. स्वतःच्या मनातलं लिहितो की दुसऱ्याने सांगितलेलं, हे त्या शब्दात नाही. नौदलातही रायटर असतात. पगार, सेवानोंदी, पत्रव्यवहार हे त्यांचं काम. ईस्ट इंडिया कंपनीत तर रायटर ही सगळ्यात खालची पायरी, फॅक्टर आणि मर्चंट त्याच्या वर. कोलकात्याची रायटर्स बिल्डिंग या कारकुनांसाठी बांधलेली, कादंबरीकारांसाठी नव्हे! रॉबर्ट क्लाइव्ह १७४४ साली मद्रासला उतरला तो असा रायटर म्हणूनच. पुढे लेखणी सोडून तो फौजेत शिरला आणि १७५६ मध्ये वॉटसनच्या आरमारासोबत विजयदुर्गावर चालून आला. तुळाजी आंग्र्यांचा तो किल्ला तेव्हाच इंग्रजांच्या हाती पडला. थोडक्यात, तुमच्या तालुक्याला रायटर नवा नाही.

ठाण्यातला रायटर तपास अधिकाऱ्याच्या हाताखाली जबाब, पंचनामे लिहितो. पण नुसता लिहून घेतो असंही नाही. तुम्ही सांगता, ‘रात्री जाळी होती, सकाळी बघतो तर नाय.’ कागदावर उतरतं, ‘समक्ष विचारलेवरून सांगतो की, सदर जाळी अज्ञात इसमाने लबाडीच्या इराद्याने चोरून नेली आहे.’ हा इसम आणि हा इरादा तुमच्या तोंडचा नव्हे, रायटरचा. तेवढ्यापुरता तो लेखकच म्हणायचा.

आपला ‘लेखक’ तरी कुठे वेगळा? जुन्या पोथ्यांच्या शेवटी ‘लेखकपाठकयोः शुभं भवतु’ असतं, त्यातला लेखक म्हणजे नक्कल उतरवणारा. आज मात्र लेखक म्हटलं की पुस्तकवाला डोळ्यांपुढे येतो, म्हणून ठाण्यातल्या रायटरला मराठीत लेखनिक म्हणावं. परीक्षेत अंध विद्यार्थ्याचा पेपर लिहिणाऱ्यालाही आपण लेखनिकच म्हणतो. ठाण्यात कुणी तसं म्हणणार नाही, ते सोडा.

शेअरबाजारातल्या ऑप्शन रायटरला मात्र लेखनिक चालणार नाही. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क. तो प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत घेऊन ऑप्शन विकतो आणि जोखीम अंगावर घेतो. त्याला सरळ ‘ऑप्शन विकणारा’ म्हणा. अंडररायटरही जोखीमवालाच, पण तो विम्यातला. लंडनच्या लॉइड्स कॉफीहाऊसमध्ये जहाजाच्या विम्याच्या कागदावर मजकुराखाली सही करून जोखीम उचलणारे, ते अंडररायटर.