सोरायसिस आहे, बोटं-टाच सुजते, पण एक्स-रे नॉर्मल. चोपड्याहून जळगावला एमआरआयसाठी जावं का?

एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे सोरायटिक आर्थ्रायटिस (सोरायसिससोबत येणारा सांधेदुखीचा आजार) नाही, असं नसतं. सुरुवातीला हाडावर बऱ्याचदा काहीच दिसत नाही. तरी दोन्ही हात आणि दोन्ही पावलांचा एक्स-रे हवाच. नुसत्या दुखऱ्या बोटाचा काढून भागत नाही. नखाजवळच्या सांध्यात हाड झिजलंय का आणि सांध्याच्या कडेला नवं हाड धरलंय का, ते पाहतात. हा आजार ओळखायला गुण मोजणारे २००६ चे कॅस्पर निकष आहेत; त्यांत या नव्या हाडाला १ गुण आहे, अंगावरच्या सोरायसिसला २. सांध्याला सूज असून एकूण किमान ३ लागतात. वयामुळे वाढलेलं हाड मात्र यात धरत नाहीत, आणि गल्लत नेमकी इथेच होते.

टाचेसाठी आधी पॉवर डॉपलर सोनोग्राफी (सुजलेल्या जागेतला रक्तप्रवाह दाखवणारी) करा, एमआरआयपेक्षा स्वस्त पडते. पाऊल सैल ठेवायचं, प्रोब (अंगावर फिरवतात तो भाग) दाबायचा नाही. दाबला की रक्तप्रवाहाचा सिग्नलच नाहीसा होतो. सूजेच्या गोळ्या चालू असतील तर रेडिओलॉजिस्टना सांगा, त्या गोळ्यांनी सूज कमी दिसू शकते.

कंबर सकाळी आखडत असेल तरच एमआरआय. चिठ्ठीवर ‘सॅक्रोइलियाक सांधे, स्टर सीक्वेन्ससह’ असं लिहून घ्या; हे कण्याच्या तळाशी, कमरेच्या हाडाला जोडणारे सांधे, आणि स्टर म्हणजे हाडातली सूज दाखवणारी एमआरआयची पद्धत. नुसतं ‘कंबर’ लिहिलं तर मणक्याचाच काढतात अन् पैसे वाया. पेसमेकर असल्यास आधी कळवा.