दिवाणखान्यातल्या प्रयोगाविषयी

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची संहिता, दोन्ही वाचले. क्विअर (समलिंगी इत्यादी) आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर) कलावंतांचे नाटक सभागृहात न करता पुण्यातल्या घरांमधून करण्याचा तुझा बेत आहे आणि त्यासाठी नेपथ्य व प्रकाशयोजना कशी असावी, असे तू विचारले आहेस. याचे उत्तर सोपे आहे. ट्यूबलाइट बंद करून दोन टेबललॅम्प लावावेत आणि पंखा चालू असतानाही शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशी तालीम करावी. जे तू विचारलेले नाहीस, म्हणजे घर कोणाचे आणि त्या घरापर्यंत कलावंत कसे पोहोचतात, त्याविषयी मला अधिक लिहायचे आहे.

कोथरूड किंवा बाणेरमधल्या मोठ्या सोसायटीत तुझा प्रयोग फाटकापाशीच सुरू होतो. वॉचमन वही पुढे करतो : नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल, येण्याचे कारण. हल्ली वहीच्या जागी अ‍ॅप आले असून त्यासाठी फोटोही काढतात. तुझ्या नाटकातली पारलिंगी अभिनेत्री तिथे कोणते नाव सांगणार? कागदपत्रांवरचे जुने नाव सांगितले, तर समोर साडीतली बाई पाहून वॉचमन पुन्हा पुन्हा विचारतो; स्वतःचे नाव सांगितले, तर ओळखपत्र मागतील ही धास्ती. हे सगळे निस्तरून ती चौथ्या मजल्यावर येते आणि लगेच पहिल्या प्रवेशात तिने प्रसन्न दिसावे, अशी तुझी अपेक्षा असते. म्हणून यजमानांनी स्वतः खाली जाऊन, आपल्या पाहुण्या म्हणून तिला वर आणावे, ही अट आधीच कबूल करून घे. वॉचमनला फोनवरून सांगून भागत नाही. बालगंधर्वांच्या नऊवारीतल्या छायाचित्रांपुढे हे शहर अजून गहिवरते, त्यांच्या नावाचे रंगमंदिर १९६८ पासून येथे उभे आहे आणि तरीही लिफ्टमध्ये शेजारी उभी राहिलेली पारलिंगी बाई याच रसिकांना जड जाते. असो.

यजमान निवडताना त्यांचा उत्साह पाहू नकोस, भाडेकरार पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची टांगती तलवार गेली, परंतु अकरा महिन्यांच्या कराराला त्या निकालाने काही धक्का लागलेला नाही. ‘यांच्याकडे रात्री कसले कसले लोक येतात’ असा एक फोन घरमालकाला गेला, की करार पुढे वाढत नाही, आणि आपल्यातल्या माणसांना दुसरे घर मिळवताना काय काय ऐकून घ्यावे लागते ते तुला माहीत आहे. तेव्हा स्वतःच्या मालकीचे घर असलेले आणि घरातल्या सर्वांना नाटकाचा विषय सांगितलेले यजमान आधी निवड. सोसायटीच्या सेक्रेटरींना ‘घरी नाटक आहे, पंचवीसएक पाहुणे येतील, दहाच्या आत आटपेल’ एवढे सांगावे. सत्यनारायण आहे असे खोटे सांगू नये. प्रसादाला कोणी ना कोणी येतेच.

घरातला प्रयोग ही पळवाट आहे असे मात्र मुळीच समजू नकोस. बंगाली नाटककार बादल सरकारांनी सत्तरच्या दशकात पडद्याचा कमानी रंगमंच सोडून अंगणमंचाची, म्हणजे प्रेक्षकांमध्येच नाटक करण्याची, वाट धरली, ती नट आणि प्रेक्षक एकाच उजेडात, एकाच जमिनीवर असावेत म्हणून. विजय तेंडुलकरांचे १९८१ सालचे ‘मित्राची गोष्ट’ घे. स्वातंत्र्यपूर्व पुण्यात घडणाऱ्या या नाटकात मित्रा आणि तिचे जिच्यावर प्रेम आहे ती नमा भेटतात त्या मित्राचा स्नेही बापू याच्या खोलीत. थिएटरमध्ये ती खोली उभी करावी लागते; सदाशिव पेठेतल्या दहा बाय बाराच्या खोलीत ती असतेच आणि बाहेर जिन्यावर कोणाची पावले वाजली, तर साऱ्या माना दाराकडे वळतात. तुझ्या संहितेतला रेल्वे स्थानकाचा प्रवेश घरात उभा राहणार नाही, तो काढून टाक. आई कपाटातून मुलाने लपवलेली साडी काढते, तो प्रवेश मात्र यजमानांच्या खऱ्या कपाटापाशीच कर आणि ते कपाट उघडलेले चालेल का, हे यजमानांना एकट्यात विचारून ठेव. कित्येक घरांत ते उघडलेले चालत नाही.

प्रेक्षकांतही घरी काहीच न सांगितलेले कोणीतरी असतेच. त्या व्यक्तीचा फोटो चुकून कोणाच्या स्टेटसवर गेला, तर तिचे घर सुटू शकते, म्हणून सर्वांचे मोबाइल चपलांच्या स्टँडवर एका टोपलीत ठेवायला लाव आणि हे निमंत्रणातच कळव. नाटक संपल्यानंतरची वेळ अधिक अवघड. रंगमंदिरात नट मेकअपरूममध्ये निघून जातात. येथे चहाचा कप हातात घेऊन ते प्रेक्षकांच्याच सोफ्यावर बसतात आणि एखादे सुविद्य गृहस्थ अत्यंत सौजन्याने ‘तुमचे ऑपरेशन झाले आहे का?’ असे विचारतात. तो प्रश्न तू अडवायचा, अभिनेत्रीने नव्हे. आतली एक खोली, आरसा असलेली आणि आतून कडी लागणारी, कलावंतांसाठी शेवटपर्यंत राखून ठेव.

तिकीट लावू नकोस. जाहीर प्रयोगासाठी संहिता राज्य सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. पत्त्यासकट जाहिरात करून तिकिटे विकलीस, तर प्रयोग खासगी आहे हे म्हणणे टिकणार नाही आणि तो पत्ता भलत्यांच्या हाती पडेल. शेवटी पाकीट फिरवावे, परंतु कलावंतांचे मानधन आणि परतीच्या रिक्षाचे पैसे त्या पाकिटाच्या भरवशावर न ठेवता आधीच बाजूला काढावेत. पुढे दुसऱ्या कोणाचे नाटक घेतलेस, तर प्रयोग घरातला असला तरी लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी घे.

एरंडवण्यातले तू सुचवलेले घर योग्य वाटते. मात्र तिथल्या सासूबाईंशी मी एकदा बोलेपर्यंत तारीख ठरवू नकोस. संहितेवर पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. स्थानकाचा प्रवेश वगळून ती पुन्हा पाठव. कळावे.