आठ तोळे गहाण टाकून पोलंडचा ट्रक? आधी बाराव्या महिन्याचा हिशेब मांडा

मानखुर्दच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे मिस्टर न्हावा शेवा ते भिवंडी चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर चालवतात. वय 36, भत्त्यासकट महिन्याला ₹34,000 हातात येतात, घरखर्च ₹28,000. घरात सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन मुलं. एका एजंटने पोलंडमध्ये ट्रक ड्रायव्हरची नोकरी दाखवली आहे, महिना 1,950 युरो. त्याची फी ₹7,50,000: पासपोर्ट देताना दीड लाख, वर्क परमिट आल्यावर तीन, व्हिसा लागल्यावर तीन. त्यासाठी ₹1,80,000 ची एफडी मोडायची, भिशीचे ₹60,000 घालायचे, ताईंच्या आठ तोळ्यांवर ₹3,10,000 काढायचे आणि उरलेले दोन लाख ओळखीच्या माणसाकडून शेकडा तीनने घ्यायचे, असं ठरत आलं आहे. ‘सोनं माझं आहे म्हणून शेवटचं हो-नाही माझ्यावर आलंय. काय करू?’

ताई, नोकरी खरी असू शकते. युरोपात रस्त्यावरची मालवाहतूक सगळ्यात जास्त पोलंडचे ट्रक करतात, ड्रायव्हरची टंचाई आहे आणि आपली मुलं तिथे चालवत आहेत. त्यामुळे परदेशी जाऊच नका, असं मी म्हणणार नाही. पण या फीवर आणि या कर्जावर जाऊ नका. का, ते आकड्यांतच दाखवतो.

तुम्ही कराराची प्रत पाठवलीत हे फार चांगलं केलंत, कारण मेख तिथेच आहे. करारात 1,950 युरो हा आकडा कुठेही नाही. लिहिलंय ते असं: गाडीवर असलेल्या प्रत्येक दिवसाचे 65 युरो हातात, आणि तीन आठवडे गाडीवर, एक आठवडा सुट्टी. एजंटने 65 ला 30 ने गुणलं. सुट्टीच्या आठवड्याचे पैसे नाहीत. म्हणजे अठ्ठावीस दिवसांत 21 दिवस पगाराचे, वर्षात 273, महिन्याला सरासरी पावणेतेवीस. गुणाकार येतो साधारण 1,480 युरो. सोयीसाठी एक युरो ₹100 धरू, म्हणजे ₹1,48,000.

‘कमी पडलं तर जास्त फेऱ्या मारतील’ असं तुम्ही लिहिलंय. मुंबईत ते जमतं, तिथे नाही. गाडीत टॅकोग्राफ नावाचं यंत्र असतं, ते ड्रायव्हरच्या नावाच्या कार्डावर मिनिटामिनिटाची नोंद ठेवतं. साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबायचं, दिवसाला 9 तास, आठवड्यातून दोनदाच 10, आणि लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून 90 तासांच्या वर नाही. दुसऱ्याचं कार्ड घालून चालवताना सापडलं तर जबर दंड होतो. म्हणून 65 चा दर हाच पगार समजा, त्याला वर ओढायची सोय नाही.

आता खर्च. केबिनमध्ये स्वतः डाळ-भात रांधला तरी किराणा आणि अधूनमधून बाहेरचं मिळून 250 युरो धरा, सुट्टीच्या आठवड्यासाठी चौघांत मिळून घेतलेल्या खोलीचे 130, फोन आणि पार्किंगवरच्या अंघोळीचे 50. झाले 430. शिवाय करारातलं सातवं कलम वाचा: प्रशिक्षणाचे 2,000 युरो कंपनी दहा महिन्यांत पगारातून कापणार. म्हणजे पहिले दहा पगार 1,480 वजा 430 वजा 200, उरले 850 युरो, ₹85,000. मिस्टर गेल्यावर घरखर्च ₹24,000 वर येईल असं तुम्हीच लिहिलंय. तो काढला की कर्जासाठी महिना ₹61,000 राहतात. कापाकापी संपल्यावर ₹81,000.

आकडा मोठा वाटतो, पण तो पहिल्या महिन्यापासून सुरू होत नाही. आपल्या हेवी लायसन्सवर तिथे उतरल्या उतरल्या कंपनीचा ट्रेलर हातात मिळत नाही. तिथलं ट्रेलरचं लायसन्स लागतं, शिवाय ‘कोड 95’ ही व्यावसायिक पात्रता लागते. तिचा छोटा कोर्ससुद्धा 140 तासांचा, वर परीक्षा. मग टॅकोग्राफचं कार्ड, मग परदेशी ड्रायव्हरसाठीचा दाखला. वडाळ्याच्या आरटीओत ₹1,000 भरून मिळणारं आंतरराष्ट्रीय परमिट जरूर काढा, पण त्याने ही यादी टळत नाही. हे सगळं होईपर्यंत गाडीवरचे दिवस शून्य, म्हणून 65 युरोही शून्य. परीक्षेत एकदा अडलं तर मुक्काम आणखी लांबतो. तीन महिने धरा. तिथले 43 हजार आणि इथले 24 हजार, महिना ₹67,000, तीन महिन्यांचे ₹2,01,000. तिकीट आणि बारीकसारीक ₹45,000.

म्हणजे लागणारी रक्कम साडेसात नाही, दहा लाख आहे. वरच्या अडीच लाखांचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. असा खड्डा बहुतेक वेळा दुसऱ्या महिन्यात घाबरून, पुन्हा शेकडा तीननेच भरला जातो. शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के. दोन लाखांवर नुसतं व्याज महिना ₹6,000, मुद्दल तिथेच.

हे सगळं धरून, एकही महिना न चुकता, एकही दंड न होता चाललं तर कर्ज फिटायला साधारण सतरा महिने लागतात. मोडलेली एफडी आणि भिशी परत उभी राहून तुम्ही आज आहात तिथे यायला वीस महिने.

आणि व्हिसा? पोलंडचा राष्ट्रीय ‘डी’ व्हिसा जास्तीत जास्त एका वर्षाचा असतो. वर्क परमिट तीन वर्षांचं असलं तरी व्हिसा वर्षाचाच. पुढे राहायचं तर मुदत संपण्याआधी तिथे रहिवासी कार्डाचा अर्ज करायचा, आणि त्याच्या निकालाला अनेक महिने लागतात. तोवर पोलंडमध्ये राहण्याची परवानगी असते, पण त्या कागदावर जर्मनीत, फ्रान्समध्ये शिरता येत नाही. ऑफिसात बसणाऱ्याचं यात काही बिघडत नाही. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ड्रायव्हरची मात्र कमाईच बंद पडते, फार तर देशांतर्गत कमी पैशांची फेरी मिळते. दुसरा मार्ग म्हणजे भारतात येऊन नवा व्हिसा, त्यात तिकीट आणि बिनपगारी महिने.

बाराव्या महिन्याच्या शेवटी, सगळं सुरळीत होऊनसुद्धा, तुमच्या डोक्यावर सव्वातीन लाखांहून जास्त देणं शिल्लक असेल. व्हिसा आधी संपतो आणि कर्ज नंतर. माझा नकार या एका गोष्टीवर उभा आहे. परमिट त्याच कंपनीच्या नावाचं असल्यामुळे, न पटल्यास दुसरीकडे जाऊन बसता येत नाही, हेही लक्षात घ्या. कर्जबाजारी माणूस डिझेल जास्त लागलं म्हणून कापलेले पैसे, ट्रेलरच्या ओरखड्यासाठी कापलेले पैसे, सगळं मुकाट सोसतो. कर्ज नसलेला माणूस चौथ्या महिन्यात परत येऊ शकतो.

आता फी. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली केंद्र सरकारचं लायसन्स लागतं, आणि त्याने उमेदवाराकडून घ्यायची फी जास्तीत जास्त ₹30,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे ₹35,400. तीही पावतीवर. साडेसात लाख हा त्याच्या वीसपट आकडा आहे. वर्क परमिटचा अर्ज तिथला मालक करतो आणि त्याचा सरकारी खर्च किरकोळ असतो, म्हणून ‘परमिटला खर्च येतो’ हे कारण मान्य करू नका.

हाच हिशेब कायद्यातल्या फीने करून बघा. ₹35,400 फी, ₹45,000 तिकीट, ₹2,01,000 राखीव, एकूण ₹2,81,400. एफडी आणि भिशी मिळून तुमच्याकडे ₹2,40,000 आहेतच. तूट ₹41,400. एवढ्यासाठी दोन तोळ्यांवर बँकेतून कर्ज काढायला माझी हरकत नाही. सरकारी बँकेत सोनेतारण साधारण 9 ते 10 टक्क्यांनी मिळतं, आणि वर्षअखेर एकरकमी फेडायचं असतं ही तारीख मात्र भिंतीवर लिहून ठेवा, चुकली तर लिलावाची नोटीस येते. या वाटेने गाडीवरच्या पाचव्या महिन्यात, म्हणजे घर सोडल्यापासून आठव्या महिन्यात सगळं वसूल होतं. व्हिसाचे चार महिने हातात उरतात. या हिशेबाला मी हो म्हणेन.

म्हणून या आठवड्यात एक रुपयाही देऊ नका आणि मूळ पासपोर्ट तर मुळीच नको, झेरॉक्स पुरते. एजंटचं लायसन्स केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नंबर आणि नावासकट तपासा. शंका वाटली तर बीकेसीतल्या विदेश भवनात उत्प्रवासी संरक्षकांचं कार्यालय आहे, तिथे करार घेऊन जा. पोलंडची कंपनी ‘केआरएस’ या तिथल्या न्यायालयीन नोंदवहीत फुकट शोधता येते. तिथला पत्ता आणि करारातला पत्ता जुळतो का बघा, आणि कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या ईमेलवर तीन प्रश्न विचारा. हे पत्र तुम्हीच दिलंय का? प्रशिक्षणाच्या काळात काय देता? आणि नोकरी मध्येच सोडली तर 2,000 युरोंपैकी किती मागाल? एजंटने दिलेल्या जीमेलवर विचारू नका.

टोकन म्हणून दिलेल्या ₹25,000 ची पावती नाही, असं तुम्ही लिहिलंय. व्हॉट्सॲपवर तारीख आणि रक्कम लिहून पावती मागा. त्याने ‘हो, मिळाले’ एवढं लिहिलं तरी पुरावा झाला. टाळाटाळ केली तर ई-मायग्रेटवर तक्रार, आणि पोलीस ठाण्यात फसवणुकीची. ओळखीच्या माणसाकडून शेकडा तीनने घेण्याबद्दल इतकंच: महाराष्ट्रात 2014 च्या कायद्याने सावकारीला लायसन्स लागतं. ते त्याच्याकडे आहे का विचारून बघा.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय की एजंट बारा लाखांत इंग्लंडचा ट्रक व्हिसाही देतो म्हणतो, तो घ्यावा का. ट्रक ड्रायव्हरचं काम तिथल्या स्किल्ड वर्कर व्हिसाच्या यादीत बसत नाही. हे एकच वाक्य त्या एजंटची पारख करायला पुरेसं आहे. आखाताचा विचार करत असाल तर मिस्टर दहावी पास नसल्यामुळे त्यांचा पासपोर्ट ईसीआर आहे, म्हणजे काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणारा. सौदी, यूएई, कतारला जाताना ई-मायग्रेटची मंजुरी सक्तीची, आणि ₹275 मध्ये दोन वर्षांचा ₹10 लाखांचा प्रवासी भारतीय विमाही. पगार युरोपपेक्षा कमी, पण बिनकर्जाने जाता येत असेल तर तोही हिशेब मांडावा.

जायचं ठरलंच तर निघायची तारीख सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत ठेवा. नोकरीसाठी जाणाऱ्याचा त्या आर्थिक वर्षातला भारतातला मुक्काम 182 दिवसांपेक्षा कमी राहिला तर तो त्या वर्षी अनिवासी ठरतो आणि तिथल्या पगारावर इथे कर लागत नाही. निघण्याआधी ₹50 लाखांचा टर्म विमा घ्या आणि प्रस्तावात ‘पोलंड, ट्रक ड्रायव्हर’ असं स्पष्ट लिहा. लपवलं तर दावा अडतो. गेल्यावर एनआरई खातं, म्हणजे अनिवासी भारतीयांचं परदेशी कमाईसाठीचं बँक खातं उघडा, त्याच्या व्याजावर कर नाही.

एजंट ₹35,400 ला तयार झाला नाही, आणि बहुधा होणार नाही, तर दुसरा लायसन्सवाला मिळेपर्यंत मिस्टरांनी धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर तशी नोंद करून घ्यावी. माहुलच्या रिफायनऱ्या तुमच्या घरापासून जवळ आहेत आणि टँकरवर त्या नोंदीशिवाय बसवत नाहीत. युरोपातही अशा मालासाठी वेगळं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा हा अनुभव बायोडेटात लिहिता येईल. एफडी मोडू नका. भिशी लागली की तीही त्याच बँकेत ठेवा, आणि उरलेले ₹41,400 दर महिन्याच्या ₹6,000 बचतीतून सात महिन्यांत जमतात का ते बघा. जमले तर दोन तोळेही लॉकरबाहेर काढायची गरज पडणार नाही.