वाचकांचे प्रश्न : सर्व्हेवाल्याला खरा आकडा कशाला सांगू?

प्रश्न : ताई नमस्कार. मी डोंबिवलीला राहतो, नोकरी फोर्टला. गाव मोहोळ तालुक्यात, शेती धाकटा भाऊ बघतो. गेल्या वर्षापासून एका संशोधन संस्थेचा मुलगा दर महिन्याला घरी येतो. किती पेरलं, किती विकलं, उसने किती घेतले, घरात तेल किती लागलं, सगळं विचारतो. भाऊ आता वैतागलाय. म्हणतो ह्यांचे अहवाल मुंबई-पुण्याच्या कपाटात पडणार, आपल्याला काय मिळणार, मी तर अंदाजे काहीही सांगतो. त्याला काय समजावू?

उत्तर : दादा, त्या मुलाच्या जागी मी स्वतः दोन वर्षं काढलीयत, मराठवाड्यातल्या एका गावात, वही मांडीवर घेऊन लोकांच्या ओट्यावर, त्यामुळे भावाचा वैताग मला पुरता कळतो. ऐन सुगीत माणूस कडबा रचत असतो आणि आपण विचारायचं मागच्या महिन्यात साखर किती आणली. तरीपण अंदाजे काहीही सांगू नकोस म्हणावं त्याला.

तुमच्याच तालुक्यातलं शिरापूर घ्या. हैदराबादजवळ इक्रिसॅट म्हणून कोरडवाहू पिकांवर काम करणारी संस्था आहे, तिने १९७५ साली सहा गावं निवडली, सोलापूरकडची शिरापूर आणि कळमण, दोन अकोल्याकडची आणि दोन तेव्हाच्या आंध्रातली. प्रत्येक गावात ४० घरं, त्यातली ३० शेतकऱ्यांची आणि १० भूमिहीन मजुरांची, विचारणारा माणूस गावातच राहायला, दर तीन-चार आठवड्यांनी तीच घरं तेच प्रश्न, आणि हे जवळजवळ दहा वर्षं चाललं, पुढे २००१ पासून परत सुरू केलं.

त्या वह्यांमधून जे निघालं ते आज जगभर अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवतात. रॉबर्ट टाउनसेंड ह्या अर्थशास्त्रज्ञांनी १९९४ साली शिरापूर, अकोल्याचं कंझरा आणि आंध्रातलं ऑरेपल्ली ह्या तीन गावांचे आकडे तपासले, तर दिसलं की एखाद्या घराची कमाई बुडाली तरी त्या घरातला खर्च त्या मानाने खाली येत नाही, तो सगळ्या गावाबरोबर वरखाली होतो. म्हणजे कुणी उसनं दिलं, कुणी पैपाहुण्याकडून आणलं, काही ना काही करून माणसं एकमेकांना धरून होती. पण भूमिहीनांना हा आधार कमी पडत होता, तेही त्यातच दिसलं. ह्याच गावांच्या आकड्यांवर १९८९ चा अजून एक अभ्यास आहे, रोझेनझ्वाइग आणि स्टार्क यांचा, त्यात निघालं की सोयरीक लांबच्या गावात केलेल्या घरांचा खर्च वाईट वर्षात कमी डगमगतो, कारण दोन्हीकडे एकदम दुष्काळ सहसा पडत नाही. आता सांगा, त्या ४० घरांतल्या दहा जणांनी तुमच्या भावासारखं ठरवलं असतं तर गावाचा चौथा हिस्सा खोटा झाला असता, आणि ह्यातलं काहीच दिसलं नसतं.

आणि कपाटाचं म्हणाल तर तुम्ही फोर्टला जाता, तिथेच रिझर्व्ह बँकेचं मुख्य ऑफिस आहे. ह्या बँकेने १९५१-५२ मध्ये देशातल्या ७५ जिल्ह्यांत ६०० गावं निवडून घरोघर विचारलं की कर्ज कुणाकडून काढता. १९५४ ला अहवाल आला, गोरवाला समितीचा, आपले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्या समितीत होते. शेतकऱ्याच्या १०० रुपये कर्जात सहकारी संस्थांचे जेमतेम ३ रुपये, व्यापारी बँकांचा १ रुपया पण नाही, आणि सावकारांचे ७० च्या आसपास! इतकं उघडं पडल्यावर इम्पीरियल बँकेची १९५५ ला स्टेट बँक झाली आणि सहकारी संस्थांमध्ये सरकारने भांडवल घालायला सुरुवात केली. भाऊ आज गावच्या सहकारी सोसायटीतून पीककर्ज उचलत असेल तर त्याच्यामागे तेव्हा कुणीतरी ओट्यावर बसून सावकाराचं नाव खरं सांगितलंय हे त्याला सांगा.

मला स्वतःला हे काम एका मावशींनी शिकवलं. पहिल्या दिवशी म्हणाल्या, मी काय करते बाई, घरीच असते. मी तसंच लिहून घेतलं. दुसऱ्या खेपेला भल्या पहाटे गेले तर दोन म्हशींच्या धारा काढून झालेल्या, शेण उचललेलं, भाकरी बांधलेली, आणि आठला खुरपणीला निघायची घाई. रोजगाराच्या तारखा विचारल्या की गप्प बसायच्या, पण सोमवारच्या बाजारापासून ह्या बाजारापर्यंत किती रोज भरले असं विचारलं की बोटांवर धडाधड मोजायच्या, एक दिवस चुकत नव्हता. माझं पहिल्या महिन्याचं पान मी फाडलं आणि नव्याने भरलं.

एक गोष्ट मात्र भावाने हक्काने मागावी. वर्षाच्या शेवटी आमच्या गावाचं काय निघालं ते पारावर येऊन सांगा, मराठीत, एकराच्या हिशोबात. आम्ही तेव्हा वह्या भरून निघून आलो, गावाला परत काहीच सांगितलं नाही, आणि ते मला आजही टोचतं.

प्रश्न : आमचं सोयाबीन लातूरकडे आहे, मी भांडुपला असते, सासरे गावी. शेजारच्या रानात एक चौकोन आखून पीक कापून नेलं आणि त्यावर म्हणे सगळ्या मंडळाचा विमा ठरणार. असं कसं चालतं ताई? आमचं तर पूर्ण पाण्यात गेलं होतं.

उत्तर : ताई, त्याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. जमिनीचा गट नंबर चिठ्ठी टाकल्यासारखा निघतो, कुणाच्या सोयीने नाही, मग त्या रानात १० मीटर बाय ५ मीटर जागा आखून तेवढंच पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. एका महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या एका गटात, एका पिकाचे किमान १० प्रयोग व्हायला हवेत. ही पद्धत बसवण्यात साताऱ्याकडच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे, आणि नीट केली तर पद्धत पक्की आहे, निम्म्या गुंठ्याच्याही आतल्या तुकड्यावरून मंडळाचा अंदाज बऱ्यापैकी येतो.

हिशोब असा. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच धरून सरासरी काढतात, तिच्या ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पन्न. समजा सरासरी १० क्विंटल, तर उंबरठा ७. ह्या वर्षी मंडळाचं ५.६ भरलं तर तूट १.४, म्हणजे ७ च्या २० टक्के, मग ५०,००० च्या विम्यावर १०,००० मिळतात. आणि मंडळाचं ७.१ भरलं, तर तुमचं अख्खं रान पाण्यात असलं तरी ह्या हिशोबात हातात शून्य. मला हे अजिबात पटत नाही. ओढ्याकाठचं रान आणि माळावरचं रान एकाच सरासरीत घातलं की ओढ्याकाठचा माणूस मरतो. विम्याचं युनिट मंडळावरून गावावर आणा असं अभ्यासक कधीपासून म्हणतायत, पण मग प्रयोग कितीतरी पटीने वाढतात आणि तेवढी माणसं कुठून आणायची इथे गाडी अडते. सासऱ्यांना सांगा, प्रयोगाच्या दिवशी रानात उभं राहता येतं, जरूर राहा, चौकोन कुठे आखतायत आणि काट्यावर किती भरतंय ते बघा आणि वहीत लिहून ठेवा.

प्रश्न : मी कांदिवलीला असते, बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, इकॉनॉमिक्स. आजोळ अकोल्याकडे. शेतीवर प्रोजेक्ट करायचाय, पण सगळे म्हणतात मुंबईत बसून काय करणार. सुरुवात कुठून करू?

उत्तर : अगं मुंबईत तर बरंच आहे. गोरेगावला इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था तुझ्या लोकलच्या वाटेवरच, देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था, बीकेसीत नाबार्ड ही शेती आणि ग्रामीण कर्जाची बँक, आणि विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग कालिन्याला. महाराष्ट्रातल्या शेतकरी आत्महत्यांवरचे २००५-०६ चे दोन महत्त्वाचे अहवाल गोरेगाव आणि देवनारमध्येच तयार झालेत, ते आधी वाच.

पण प्रोजेक्टला आजोळच घे, आणि एकच गाव घे. हॅरॉल्ड मॅन नावाचे पुण्याच्या शेती कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते, त्यांनी शंभर वर्षांपूर्वी पिंपळे सौदागर हे एकच गाव असं बारकाईने मोजलं की १७७१ ला एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर असलेली जमीन १९१४-१५ ला ७ एकरावर आली हे कागदावर उतरलं. आज तिथे आयटीवाल्यांचे टॉवर आहेत. राज्याचं बघ, १९७०-७१ ला सरासरी खातं, म्हणजे एका शेतकऱ्याची जमीन, ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ ला १.३४ राहिलं.

एक आकडा सोबत ने. २०१८-१९ च्या केंद्राच्या पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं, त्यात पिकातून ३,७९८ आणि मजुरी-पगारातून ४,०६३, म्हणजे नाव शेतकऱ्याचं पण चूल जास्त रोजगारावर. तुझ्या आजोळच्या २० घरांत हे कसं आहे एवढंच शोध. मे महिन्यात जा, मामाच्या ओळखीची घरं सोडून दुसऱ्या आळीला पण जा, बाईला वेगळं विचार आणि पुरुषाला वेगळं, मुंबईहून येणारे पैसे विचारायला विसरू नकोस, आणि त्यांनी पायली, म्हणजे धान्य मोजायचं जुनं माप, म्हटलं तर पायलीच लिही, किलो घरी येऊन कर.