गाडी अडवणारा दीरच असेल तर?

प्रश्न : तारकर्लीत आमचा छोटा होम-स्टे आहे. गोव्यातल्या मोपा विमानतळावर निघालेल्या पाहुण्यांनी ॲपवरून गाडी मागवली. टॅक्सी स्टँडवाल्यांनी ती नाक्यावर अडवली आणि पाहुण्यांना सामानासकट खाली उतरवलं. पुढे होता माझाच चुलतदीर. वर मलाच विचारतो, ‘आमच्या पोटार पाय कित्याक देतास?’ आता मी कुणाच्या बाजूने बोलू?
– एक वाचक, ता. मालवण

उत्तर : ताई, एसटीत वाहतूक नियंत्रक होतो मी. वडापवाल्यांशी, म्हणजे चोरून पॅसेंजर भरणाऱ्या खासगी गाड्यांशी, भांडण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे दिराचा राग मला कळतो. परमिट, बॅज, पासिंग, विमा, वर गाडीचा हप्ता; आणि कमाई मे महिना, गणपती नि डिसेंबरची. पण परमिटवर नाका लिहून मिळत नाही. पॅसेंजर उतरवायचा हक्क स्टँडला नाही. गाडी तपासायची तर ओरोसच्या आरटीओने.

ती गाडी पांढऱ्या पाटीची होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर दिराचं म्हणणं खरं. खासगी गाडी भाड्याने चालवता येत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. पिवळी पाटी असेल तर त्या ड्रायव्हरशी भांडण कसलं? तोही सावंतवाडी-बांद्याकडचा हप्ते फेडणारा पोरगाच असायचा.

जाब विचारायचा तर कंपनीला. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम ९३प्रमाणे ॲप कंपनीला राज्याचा परवाना लागतो. केंद्राच्या २०२५च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की गाडी स्वतःची असेल तर भाड्याचा किमान ८० टक्के वाटा ड्रायव्हरला मिळावा आणि गर्दीतही भाडं मूळ दराच्या दुपटीवर जाऊ नये. परवाना आहे का, एवढाच अर्ज टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने ओरोसला द्यावा. गोव्यात २०१८ला पर्यटन महामंडळाच्या पाठबळाने गोवामाईल्स हे टॅक्सी ॲप आलं, तेव्हापासूनचं भांडण मोपावरच्या त्याच्या काउंटरपर्यंत पोचलं. पेडण्याचे टॅक्सीवाले रस्त्यावर उतरले, पुढारी येऊन भाषणं करून गेले. (निवडणुकीला पुन्हा येतील.)

आता दिराला झोंबेल असं. पाहुणा ॲप उघडतो, कारण दर आधी कळतो. आपल्या स्टँडवर माणूस बघून दर सांगतात. हे त्याला बाहेरच्याने सांगून पटणार नाही, तुम्हीच सांगा. कुडाळ स्टेशन, चिपी विमानतळ आणि मोपा, तिन्हींचे दर स्टँड आणि होम-स्टेवाल्यांनी एकत्र बसून ठरवा. बुकिंग झालं की पाहुण्याला दर कळवून टाका.

शिवाय पहाटेच्या विमानासाठी चार वाजता फोन उचलणारे दोघे-तिघे ड्रायव्हर हेरून ठेवा आणि त्यांचेच नंबर द्या. त्यांत दीर नसला तर घरात चार दिवस अबोला होईल. होऊ द्या.